अकरा हजार नग स्वस्त, नऊ हजार महाग: मोठ्यांच्या ब्रिक सेटचं परीक्षण कसं वाचावं

लेगो ही प्लास्टिकचे ठोकळे जोडून वस्तू बनवायचे सेट काढणारी कंपनी. तिचा 'डेथ स्टार' (सेट क्रमांक ७५४१९), म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटांतलं अवकाशस्थानक, ऑक्टोबर २०२५मध्ये बाजारात आला आणि सेटपेक्षा त्याच्या किमतीचीच चर्चा जास्त झाली. नग म्हणजे सुटे भाग ९,०२३, सोबत ३८ मिनीफिगर म्हणजे छोटी माणसं, आणि अमेरिकेतली छापील किंमत ९९९.९९ डॉलर. त्यातही ते गोल अवकाशस्थानक इथे पूर्ण गोल नाहीच. मधून कापलेला एक जाड काप तेवढा आहे, पुढून आतली दालनं दिसतात. चाहत्यांत लगेच दोन तट पडले.

आता याच कंपनीचा २०२१चा 'वर्ल्ड मॅप' (३१२०३) बघा. नग ११,६९५ आणि पहिली किंमत २४९.९९ डॉलर. नग अडीच हजारांनी जास्त, किंमत मात्र पाव. भागाकार केला तर डेथ स्टारचा एक नग साधारण अकरा सेंटला पडतो, नकाशाचा दोन सेंटला. कंपनी एकच, मग पाचपटीचा फरक कुठून आला?

मोठ्यांसाठीचा नवा सेट आला की परीक्षणं भराभर येतात आणि बहुतेकांत नगांचा आकडा, किंमत, दोन्हींचा भागाकार आणि चकचकीत फोटो एवढंच असतं. या आकड्यांवर जाऊन सेट घेणारे बरेचदा पस्तावतात. परीक्षणात खरं काय शोधायचं हे कळण्यासाठी ठोकळ्याच्या मोजमापापासून सुरुवात करावी लागते.

आधी थोडं मोजमाप

ठोकळ्याच्या माथ्यावरचा गोल उंचवटा म्हणजे स्टड. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर. नेहमीचा ठोकळा, म्हणजे ब्रिक, स्टड सोडून ९.६ मिलिमीटर उंच. त्याच्या एक तृतीयांश उंचीची, ३.२ मिलिमीटरची, ती प्लेट. प्लेटवर स्टड नसले, माथा गुळगुळीत असला, तर ती टाइल. तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक होते.

या आकड्यांत एक फार उपयोगी मेळ आहे. पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिलिमीटर. म्हणजे एक ब्रिक आणि दोन प्लेट यांचा थर आडवा केला तर तो दोन स्टडच्या जागेत नेमका बसतो. मोठ्यांच्या सेटमधली बहुतेक कारागिरी या मेळावर उभी आहे. स्टड वर न ठेवता बाजूला, कधी खालीही वळवतात आणि त्यावर टाइल लावून गाडीचा गुळगुळीत दरवाजा किंवा इमारतीची नक्षी बनवतात. याला आपण आडवी बांधणी म्हणू. त्यासाठी बाजूला स्टड असलेले ठोकळे आणि काटकोनी ब्रॅकेट लागतात. ब्रॅकेटचा उभा पत्रा अर्ध्या प्लेटएवढा, १.६ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे डिझायनरला अर्ध्या प्लेटचीही जुळवाजुळव करता येते. मध्यभागी एकच स्टड असलेली १×२ प्लेट असते, ती वरचा भाग अर्धा स्टड म्हणजे ४ मिलिमीटर सरकवते.

परीक्षणात 'बांधणी हुशार आहे' असं नुसतं वाक्य आलं तर त्यातून काही हाती लागत नाही. 'छताची उतरंड आडव्या बांधणीने केली आहे आणि भिंतीशी अर्ध्या प्लेटची फट उरते' हे वाक्य आलं, तर लिहिणाऱ्याने सेट बघून लिहिलं आहे असं समजावं.

नगांचा आकडा का फसवतो

पिशवीत नाणी किती हे मोजून रक्कम कळत नाही, नाणी कुठली हे बघावं लागतं. नगांचंही तसंच आहे. २×४ची एक ब्रिक सुमारे सव्वादोन ग्रॅम भरते. १×१ची गोल टाइल दशांश ग्रॅमच्या आसपास. शंभर ब्रिक घेतल्या तर सव्वादोनशे ग्रॅम प्लास्टिक हातात येतं, शंभर गोल टाइल घेतल्या तर दहा-बारा ग्रॅम. खोक्यावर दोन्हींची नोंद एकच: १०० नग.

नकाशातले बहुतेक नग अशा १×१च्या गोल टिकल्याच आहेत. ठरावीक रंगांत, प्रचंड संख्येने, जुन्याच साच्यातून काढलेल्या. म्हणून तो नगामागे इतका स्वस्त. डेथ स्टारमध्ये ३८ मिनीफिगर आहेत, त्यांतल्या अनेकांवर छपाई केलेली. वर चित्रपटाच्या परवान्याचे पैसे. आकाराने मोठे आणि फक्त त्याच सेटसाठी काढलेले भाग आले की खर्च आणखी वाढतो, कारण पोलादी साचा महाग असतो आणि तो किती सेटमध्ये वापरला जाणार यावर त्याचा भार वाटला जातो.

म्हणून नगामागच्या किमतीची तुलना एकाच जातीच्या सेटमध्येच करावी. इमारतीची इमारतीशी, फुलांची फुलांशी. २०२२चा आयफेल टॉवर (१०३०७) १०,००१ नगांचा, पहिली किंमत ६२९.९९ डॉलर, नगामागे साडेसहा सेंटच्याही आत. तो डेथ स्टारपेक्षा 'चांगला सौदा' आहे असं यातून सिद्ध होत नाही. टॉवरमध्ये परवान्याची माणसं नाहीत, एवढंच.

जास्त भरवशाचा आकडा वजनाचा. खोकं आणि पुस्तिका वगळून नुसत्या नगांचं वजन परीक्षणात दिलं असेल तर ते परीक्षण जपून ठेवावं. दुसरा आकडा वेगवेगळ्या प्रकारच्या नगांचा. हजार नगांत तीनशे प्रकार असतील तर जोडताना हात आणि डोकं दोन्ही गुंततात; साठच प्रकार असतील तर तेच ते होणार.

हे घरबसल्या तपासता येतं. लेगो आपल्या सूचनापुस्तिका संकेतस्थळावर फुकट ठेवते. सेट घेण्याआधी पुस्तिका उतरवून घ्या आणि थेट शेवटची पानं उघडा. तिथे प्रत्येक भागाचं चित्र, त्याखाली संख्या आणि नगाचा क्रमांक असतो. नजर फिरवली की दोन मिनिटांत कळतं: १×१चे नग किती, मोठ्या प्लेट किती, भाग आतून जोडणाऱ्या, न दिसणाऱ्या पिना किती. छापील भागही तिथेच दिसतात. बोन्साय झाडाच्या (१०२८१) यादीत गुलाबी बेडूक १०० आहेत; चेरीचा बहर म्हणून ते फांद्यांवर बसतात. अशी गंमत यादी वाचणाऱ्यालाच आधी कळते.

१८+ म्हणजे अवघड का?

नाही. २०२०पासून लेगोच्या काळ्या खोक्यांवर १८+ छापलेलं दिसू लागलं, ते गिऱ्हाईक कोण हे सांगण्यासाठी. ७५६ नगांचा फुलांचा गुच्छ १८+ आहे, तो बारा वर्षांचं मूलही सहज जोडेल. अवघडपणा कळतो तो एका पानावर किती नग लागतात यावरून, गडद रंगांतले फरक डोळ्यांना ताण देतात का यावरून आणि चूक झाली तर ती किती पानांनी लक्षात येते यावरून. काळा, गडद राखाडी आणि गडद निळा एकाच पाकिटात असतील तर पिवळ्या दिव्याखाली बसू नये. पांढरा, तेजस्वी दिवा घ्यावा.

अवघडपणापेक्षा मोठा प्रश्न पुनरावृत्तीचा. कोलोसियम (१०२७६) ९,०३६ नगांचं, आणि कमानीमागून कमानी. आयफेल टॉवरला चार पाय, मग एकाच पायाचं काम चार वेळा. पुस्तिकेत चौकटीच्या कोपऱ्यात २×, ४×, ८× असे आकडे दिसतात. तेवढ्या वेळा तो तुकडा करायचा. हे आकडे किती पानांवर आहेत ते चाळून बघा. काहींना अशा कामात शांतता मिळते, त्यांच्यासाठी हा गुणच आहे. ज्यांना दर पानाला नवं काहीतरी हवं, त्यांनी लेगोच्या शहरी इमारतींच्या मालिकेकडे वळावं. २००७च्या 'कॅफे कॉर्नर'पासून (१०१८२, २,०५६ नग) ती चालू आहे आणि तिच्यात मजल्यागणिक काम बदलतं.

वेळेचा अंदाज ढोबळच करावा: सरावाचा हात तासाला दोनशे ते तीनशे नग लावतो. टिकल्यांच्या कामात हा वेग वाढतो, पिना आणि दांड्यांच्या यांत्रिक कामात घटतो.

आतला सांगाडा आणि उचलण्याचा प्रश्न

सेट जोडून झाला की तो उचलावा लागतोच. इथे बरीचशी परीक्षणं गप्प बसतात.

टायटॅनिक (१०२९४) १३५ सेंटीमीटर लांब, ९,०९० नगांची. ती तीन भागांत सुटते आणि हलवायची तर तशीच हलवावी लागते. आयफेल टॉवर १४९ सेंटीमीटर उंच, त्याचेही भाग सुटे होतात. 'स्टार वॉर्स'मधलं यान मिलेनियम फाल्कन (७५१९२, २०१७, ७,५४१ नग) ८४ सेंटीमीटर लांब आणि ५६ रुंद. पुस्तकांचं शेल्फ साधारण ३० सेंटीमीटर खोल असतं, त्यावर तो आडवा मावत नाही. त्यामुळे लोक त्याला तिरपा उभा करायला वेगळा स्टँड घेतात. परीक्षणात लांबी-रुंदीसोबत 'धरायचं कुठे' हे लिहिलेलं असावं.

ताकद ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली सांध्यांची. प्लेटचे थर घालताना खालच्या थराचा सांधा वरच्या थरात झाकला गेला पाहिजे. गवंडीही विटांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाही. पुस्तिकेत तळाचे दोन-तीन थर बघितले की हे दिसतं. दुसरी खूण कण्याची. एक मीटरच्या जहाजाला नुसत्या स्टडची पकड पुरत नाही, कारण स्टड वर ओढलं की सुटतो. आत भोकांच्या तुळया आणि आडव्या घातलेल्या पिना असतील तर ओझं त्या घेतात.

आतल्या भागात मधेच लाल, पिवळे, निळे नग दिसतात आणि 'बाहेरून करड्या जहाजात हे कशाला?' असा आक्षेप येतो. ते मुद्दाम असतं. दोन हजार करड्या नगांच्या ढिगात एक करडी प्लेट शोधणं जिकिरीचं, शिवाय पुस्तिकेतल्या चित्रात पुढचं-मागचं कळत नाही. रंगीत नग दिशा दाखवतो आणि शेवटी झाकला जातो. तो बाहेरून फटीतून दिसत असेल तर मात्र ती डिझाइनची उणीव, आणि परीक्षणात तिचा फोटो हवा.

या छंदात काही जोडण्यांना 'बेकायदा' म्हणतात. कायद्याशी संबंध नाही, प्लास्टिकवर ताण येतो म्हणून. लेगोचे बहुतेक नग १९६३पासून एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे आहेत. १×१ ब्रिकची रुंदी ८ नसून ७.८ मिलिमीटर असते, दोन्ही बाजूंना दशांश मिलिमीटर मोकळा. ही फट असते म्हणून लांबच लांब भिंत फुगत नाही. ज्या जोडणीत ही मोकळीक संपते आणि नग वाकून बसतो, तिथे काही महिन्यांनी पांढरट रेघ येते, मग चीर. लेगो आपल्या सेटमध्ये अशा जोडण्या टाळते. इतरांच्या सेटमध्ये किंवा हौशी डिझाइनमध्ये त्या आढळतात, आणि 'पान अमुकवर नग जोरात दाबावा लागला' ही नोंद सोन्यासारखी समजावी.

रंग आणि स्टिकर

एकाच रंगाच्या दोन नगांत छटेचा फरक दिसतो, ही तक्रार खरी आहे. गडद लाल आणि फिके हिरवट रंग यात जास्त पकडले जातात. हे तपासायला फोटो दिवसाच्या उजेडातले हवेत. दिव्याखाली काढलेल्या, नंतर उजळवलेल्या फोटोत फरक पुसला जातो. जुने सेट घेताना आणखी एक काळजी: काही वर्षांच्या उत्पादनातले लालसर तपकिरी आणि गडद लाल नग ठिसूळ निघतात, सुटे करताना टचकन मोडतात. पांढरे आणि फिके राखाडी नग उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडतात, म्हणून खिडकीसमोरची जागा टाळावी.

स्टिकरवर सगळ्यात जास्त राग निघतो आणि तो रास्त आहे. शेकडो डॉलरच्या सेटमध्ये हाताने स्टिकर लावायला सांगणं पटत नाही. कंपनीच्या बाजूने कारण असं की छापलेला प्रत्येक भाग वेगळा नग म्हणून साठवावा आणि मोजावा लागतो, स्टिकरचा एक कागद टाकला की दहा भागांचं काम होतं. संग्राहकांच्या स्टार वॉर्स सेटवरची माहितीची पाटी अनेक वर्षं असा एकच मोठा स्टिकर होती आणि त्याखाली हवेचे फुगे हमखास राहायचे. यावर उपाय आहे. नगावर साबणाच्या पाण्याचा थेंब पसरवा, चिमट्याने स्टिकर ठेवा, हवा तसा सरकवा, मग मऊ कापडाने मधून कडेकडे दाबत पाणी काढा. रात्रभर वाळू द्या. पारदर्शक स्टिकरखाली बोटाचा ठसा कायमचा दिसतो, तो बोटाने उचलूच नये.

दुसऱ्या कंपन्यांचे सेट नकली असतात का?

सरसकट नाही. आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याचा पेटंट अर्ज लेगोने डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी केला. ती पेटंट केव्हाच संपली. पुढे ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखता येईल का यावर खटले झाले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१०मध्ये नकार दिला: आकार कामासाठी आहे, ओळखीसाठी नाही. म्हणून जुळणारे ठोकळे बनवणं कायदेशीर आहे. पोलंडची कोबी स्वतःच्या डिझाइनची लष्करी वाहनं काढते आणि स्टिकरऐवजी छपाई करते. जर्मनीची ब्लूब्रिक्स आहे, चीनच्या पँटसी, काडा आहेत.

दुसऱ्याचा सेट खोक्यासकट उचलणं ही वेगळी गोष्ट. चीनमधली लेपिन हेच करायची. २०१९मध्ये तिथल्या पोलिसांनी तिच्या कारखान्यावर धाड घातली. मिनीफिगरचा आकारही लेगोच्या नावावर राखलेला आहे, त्यामुळे कायद्याने चालणाऱ्या इतर कंपन्यांची माणसं वेगळी दिसतात.

दुसऱ्या कंपन्यांच्या सेटच्या परीक्षणात पकडीबद्दल नेमकं लिहिलेलं हवं. पकड म्हणजे दोन नग एकमेकांना किती धरतात ते. १×८ची प्लेट फक्त दोन स्टडवर टेकवून आडवी धरा आणि हलकेच हलवा. झुकली तर पकड ढिली. उलट, शेजारी शेजारी लावलेल्या दोन टाइल काढताना नखं दुखली तर पकड जास्त घट्ट. असे नग मोठ्या पृष्ठभागावर लावले की सगळा पृष्ठभाग केळ्यासारखा वाकतो. नग साच्यातून निघताना राहिलेली बारीक गाठ स्टडवर असते की दिसणाऱ्या बाजूवर, तेही बघावं.

फुकट मिळालेल्या सेटचं परीक्षण खरं मानावं का?

नव्या सेटची पहिली परीक्षणं बहुधा कंपनीने आधी पाठवलेल्या सेटवर लिहिलेली असतात, ठरलेल्या तारखेला एकदम प्रसिद्ध होतात. लिहिणारा अप्रामाणिक असतो असं नव्हे. पण पैसे त्याच्या खिशातून गेलेले नसतात आणि त्याला घाई असते. अशा परीक्षणातून बांधणी, मोजमापं, फोटो घ्यावेत. 'किमतीला योग्य' हा निकाल बाजूला ठेवावा. मागच्या बाजूचा आणि तळाचा फोटो नसेल तर शंका घ्यावी.

पहिल्या आठवड्यात जे कळूच शकत नाही ते तीन-चार महिन्यांनी येणाऱ्या नोंदींत शोधावं: लांब पंख खाली झुकला का, दोरी सैल पडली का, धूळ कुठे अडकते.

'थांबलो तर सेट बंद होईल' ही भीती दुकानदारांना फार सोयीची आहे. ताजमहाल (१०१८९) २००८मध्ये ५,९२२ नगांचा आला, बंद झाला, जुन्या बाजारात त्याची किंमत अफाट चढली. २०१७मध्ये कंपनीने जवळपास तोच सेट १०२५६ या क्रमांकाने पुन्हा काढला आणि गुंतवणूक म्हणून साठवलेल्या खोक्यांचे भाव पडले. आवडला तर जोडायला घ्यावा. पेढीत ठेवायची वस्तू म्हणून घेऊ नये.

शेवटी नग उरले, म्हणजे चुकलं?

मूठभर बारीक नग उरले तर काही चुकलेलं नाही. पाकिटं भरताना नग बरोबर पडले का हे वजनावरून तपासतात. दशांश ग्रॅमची टाइल कमी पडली तर काट्याला ती नीट कळत नाही, म्हणून बारीक नगांच्या प्रत्येक प्रकारात एखादा जास्त टाकतात. १×१च्या टिकल्या, छोट्या पिना, दिव्यांसाठीचे पारदर्शक नग हमखास उरतात.

२×३ची प्लेट किंवा त्याहून मोठा नग उरला तर मात्र थांबायचं. त्याच पाकिटाची पानं उलट्या क्रमाने बघायची, प्रत्येक पानावरच्या चौकटीत तो नग शोधायचा. सापडला की तो भाग पुढच्या पाकिटाच्या कामाखाली गाडला जायच्या आत उघडून नग लावायचा. आणि नग उरण्याऐवजी कमी पडला तर आधी पाकिटाच्या कोपऱ्यात आणि पुस्तिकेच्या घडीत बघावं. नाहीच मिळाला तर यादीतला नगाचा क्रमांक, सेटचा क्रमांक आणि पाकिटाचा आकडा घेऊन कंपनीला कळवावं. लेगो असा नग फुकट पाठवते. बाकी कंपन्यांचं काय, हे प्रत्येक परीक्षणाने लिहायला हवं.